नवे लिव्हर बसले, आता पित्तनळी सांभाळा



मागच्या पावसाळ्यात आमच्या आरोग्य गटाला एका घरून निरोप आला. घरातल्या दादांचे लिव्हर पाच महिन्यांपूर्वी बदलले होते. लिव्हरचा भाग त्यांच्या पत्नीने दिला होता. ऑपरेशन चांगले झाले होते, दादा चालू-फिरू लागले होते. पण आता रात्र-रात्र अंग खाजवत होते. तळहात, तळपाय, पाठ. पावसाचे दिवस, दाटीची घरे, न वाळलेले कपडे. खाज म्हटल्यावर आम्हीही आधी खरजेचाच विचार केला. घरातल्या सगळ्यांना लावायला मलम सांगितले आणि परत आलो.

दहा दिवसांनी पुन्हा गेलो तेव्हा दादांचे डोळे पिवळे झाले होते, लघवी गडद होत होती आणि गळ्यात काविळीची माळ होती. शेजारच्या आजींनी चांगल्या मनाने आणून घातलेली. त्याच रात्री हुडहुडी भरून ताप चढला आणि दादांना हॉस्पिटलात हलवावे लागले. तिथे तपासणीत कळले की लिव्हर शाबूत आहे, पण पित्तनळी जिथे जोडली होती तो सांधा आकसला आहे. पित्त आत तुंबले होते आणि त्यात जंतू वाढले होते. दादा वाचले. पण मधले दहा दिवस आमच्या चुकीने गेले, हे आम्ही विसरलेलो नाही. म्हणूनच या वेळचा पाठ पित्तनळीवर.

पित्तनळी म्हणजे काय?

लिव्हर म्हणजे यकृत. उजव्या बरगड्यांच्या आड असते. रक्त स्वच्छ करणे, अन्नातून आलेले सत्त्व साठवणे अशी अनेक कामे ते करते. त्यातले एक काम पित्त तयार करण्याचे. दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार होते. झाडाच्या फांद्या जशा खोडाला मिळतात, तशा लिव्हरमधल्या बारीक नळ्या एकमेकींना मिळत जातात आणि शेवटी एक मुख्य नळी होऊन आतड्यात उघडते. पित्त आतड्यात पोचले की तेलकट अन्न पचते. शौचाला जो पिवळा-तपकिरी रंग असतो, तोही पित्तामुळेच.

नळी तुंबली की पित्त मागे साचते आणि रक्तात उतरते. मग अंगाला खाज सुटते, डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, शौच मातकट-पांढरे होते. नळी गळू लागली तर पित्त पोटात पसरते, पोट दुखते, ताप येतो. प्रत्यारोपणानंतर पित्तनळीचे हे दोनच मुख्य त्रास आहेत : गळती आणि आकसणे. गळती बहुधा पहिल्या काही आठवड्यांत होते. आकसणे सावकाश होते, बरेचदा पहिल्या वर्षात, कधी त्यानंतरही. ज्यांची नळी सुरुवातीला गळली होती, त्यांची पुढे आकसण्याची भीती जास्त असते.

जिवंत दात्याच्या लिव्हरला हा त्रास जास्त का?

मेंदूमृत माणसाने दान केलेले लिव्हर अख्खे मिळते. त्याची नळी जाड आणि लांब असते, जोडायला सोपी. आपल्या देशात मात्र बहुतेक लिव्हर प्रत्यारोपणे जिवंत दात्याकडून होतात. घरातलेच कोणी तरी आपल्या लिव्हरचा भाग देते. भारतात असे पहिले यशस्वी ऑपरेशन १९९८ साली दिल्लीत एका लहान मुलावर झाले. लिव्हरचा भाग वडिलांनी दिला होता. लहान मुलाला डावीकडचा छोटा तुकडा पुरतो. मोठ्या माणसाला बहुधा उजवा भाग लागतो, म्हणजे दात्याच्या लिव्हरचा निम्म्याहून मोठा हिस्सा.

भाग कापायचा म्हणजे नळीही खोडाजवळ न कापता फांदीवर कापावी लागते. ही फांदी काही मिलिमीटर जाडीची. शिवाय प्रत्येक माणसाच्या फांद्या वेगळ्या. कोणाला उजव्या भागात एकच तोंड मिळते, कोणाला दोन, कोणाला तीन. जितकी तोंडे, तितके सांधे. वस्तीत एका नळाच्या लाइनीवर तीन जोडण्या घेतल्या की गळतीची शक्यता कशी वाढते, हे आपल्याला सांगायला नको.

त्यामुळे निरनिराळ्या हॉस्पिटलांच्या अनुभवात, जिवंत दात्याचे लिव्हर घेतलेल्या शंभर रुग्णांपैकी साधारण १५ ते ३० जणांना पित्तनळीचा काही ना काही त्रास होतो. आकडा ऐकून घाबरू नका. यातल्या बहुतेकांचा त्रास दुसऱ्या मोठ्या ऑपरेशनशिवाय आटोक्यात येतो. अट एकच, तो वेळेत कळला पाहिजे.

डॉक्टर काय करतात?

त्रास कमी व्हावा म्हणून सर्जन मंडळी जे करतात ते आपल्यालाही माहीत असावे. म्हणजे ऑपरेशनच्या आधी योग्य ते प्रश्न विचारता येतात.

पहिले, नकाशा. ऑपरेशनच्या आधी दात्याची एमआरसीपी करतात. ही एमआरआयच्याच मशीनवर होणारी तपासणी. नळीच्या फांद्या कशा आहेत, किती तोंडे मिळतील, हे त्यात दिसते. ऑपरेशन चालू असताना नळीत औषध सोडून एक्स-रेने पुन्हा पाहतात आणि मगच कुठे कापायचे ते ठरते. एखाद्या दात्याच्या नळ्यांची रचना फारच अवघड असेल तर डॉक्टर दुसरा दाता पाहायला सांगतात. "आमच्या मुलीला नाकारलं" म्हणून वाईट वाटून घेऊ नका. त्यात तिचे आणि रुग्णाचे, दोघांचे भले असते.

दुसरे, नळीचा रक्तपुरवठा. लिव्हरला दोन वाटांनी रक्त मिळते, एक मोठी शीर आणि एक धमनी. त्यातले बहुतेक रक्त शिरेतून येते. पण पित्तनळी जगते ती धमनीच्या रक्तावर. म्हणून सर्जन नळीला सोलून उघडी करत नाहीत. भोवतीचा मऊ भाग आणि त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या नळीसोबत राखतात. दात्याच्या बाजूची नळी आणि रुग्णाची स्वतःची नळी, दोन्हींच्या बाबतीत हे पाळावे लागते. पुढे धमनीत गुठळी झाली तर आधी नळीच सुकते, सडते किंवा आकसते. म्हणून ऑपरेशननंतरच्या दिवसांत डॉपलर सोनोग्राफी पुन्हा पुन्हा करतात. "रोज काय ते मशीन फिरवतात" असे म्हणू नका. ते धमनी चालू आहे की नाही ते पाहत असतात.

तिसरे, जोडणी. शक्य असेल तर दात्याची नळी रुग्णाच्या नळीला जोडतात. भिंगाचा चश्मा लावून, केसासारख्या बारीक धाग्याने, सांध्यावर ताण येणार नाही अशी. याचा फायदा पुढे होतो. नळी आकसली तर तोंडावाटे दुर्बीण घालून तिथपर्यंत पोचता येते. रुग्णाची नळी आजारी असेल, किंवा जन्मतः नळी न झालेले बाळ असेल, तर आतड्याचा भाग वर घेऊन नळी त्याला जोडतात. मग दुर्बिणीची वाट अवघड होते. काही सर्जन सांध्यात बारीक नळी ठेवतात, काही ठेवत नाहीत. यावर डॉक्टरांत मतभेद आहेत.

चौथे, रक्तगट. रक्तगट न जुळणाऱ्या दात्याचेही लिव्हर आता विशेष औषधे देऊन बसवता येते. पण अशा लिव्हरच्या आतल्या नळ्या आकसण्याचा धोका जास्त असतो. जुळणारा दाता मिळत असेल तर तोच बरा.

ऑपरेशनच्या आधी हे विचारा

हे काम ज्या टीमने जास्त केलेले असते, तिच्या हातून त्रास कमी होतो. म्हणून संकोच न करता विचारा. उत्तर कागदावर लिहून घ्या.

– तुमच्याकडे जिवंत दात्याची ऑपरेशने वर्षाला किती होतात? त्यातल्या किती रुग्णांना पित्तनळीचा त्रास होतो?
– आमच्या दात्याच्या नळीला किती तोंडे आहेत? किती सांधे होतील?
– पित्तनळीला त्रास झाला तर दुर्बिणीचे उपचार याच हॉस्पिटलात होतात का? रात्री-बेरात्री होतात का?
– सांगितलेल्या खर्चात ते धरले आहेत का? किती दिवसांपर्यंत?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. लोक दागिने मोडून, वर्गणी काढून ऑपरेशनचे पैसे उभे करतात आणि सहा महिन्यांनी नळी आकसली की हात रिकामे असतात. जमवाजमव करतानाच पुढच्या वर्षभराच्या तपासण्या, औषधे आणि दुर्बिणीच्या उपचारांसाठी पैसे वेगळे ठेवा. हॉस्पिटलातल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना पहिल्याच दिवशी भेटा. सरकारी योजना आणि मुख्यमंत्री सहायता निधीचे अर्ज त्यांच्याकडून समजून घ्या. महाराष्ट्रात धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. रेशनकार्ड किंवा उत्पन्नाचा दाखला घेऊन ही खाट मागा. मागणे हा हक्क आहे, भीक नव्हे.

घरी आल्यावर आपले काम

सांधा सर्जनने जोडला, पण तो पुढे कसा आहे यावर लक्ष ठेवायचे ते घरच्यांनी.

१. वही घाला. एक साधी वही घ्या. तारीख, ताप, वजन, गोळ्यांच्या वेळा आणि रक्ताचे रिपोर्ट लिहा. रिपोर्टमधले तीन आकडे नेहमी उतरवा : बिलिरुबिन, अल्कलाइन फॉस्फेटेज आणि जीजीटी. नळी आकसू लागली की खाज किंवा कावीळ दिसण्याच्या आधीही शेवटचे दोन आकडे चढू लागतात. मागच्या वेळेपेक्षा आकडा वाढला तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी हॉस्पिटलच्या कोऑर्डिनेटरला फोन करा. "बरं वाटतंय, मग रक्त कशाला द्यायचं?" असे म्हणून तपासणी चुकवू नका. बरे वाटत असतानाच ती उपयोगाची असते.

२. दुखण्यावर विसंबू नका. नव्या लिव्हरच्या नसा ऑपरेशनमध्ये तुटलेल्या असतात, त्यामुळे नळी तुंबली तरी पोटात दुखेलच असे नाही. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांमुळे तापही कधी कमीच चढतो. म्हणून थर्मामीटर घरात हवाच. १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला, किंवा थंडी वाजून आली, की लगेच प्रत्यारोपण केलेल्या हॉस्पिटलला कळवा. हुडहुडी आणि पिवळे डोळे सोबत असतील तर सकाळ होण्याची वाट पाहू नका, रात्रीच निघा.

३. खाजेला हलके घेऊ नका. पुरळ नसताना अंगभर खाज, विशेषतः तळहात-तळपायाला आणि रात्री जास्त, ही आधी पित्तनळीची शंका समजा. आम्ही केलेली चूक तुम्ही करू नका.

४. माळ, झाडपाला, नाकात टाकायचे थेंब, काविळीचे पाणी यातले काही नको. साधी संसर्गाची कावीळ पुष्कळदा आपोआप उतरते आणि श्रेय माळेला जाते. इथे नळीच बंद आहे. ती माळेने उघडत नाही. काही झाडपाल्याची औषधे तर लिव्हरलाच अपाय करतात. प्रत्यारोपणानंतरची कावीळ कधी नळीमुळे, कधी शरीराने लिव्हर नाकारल्यामुळे, कधी संसर्गाने, कधी औषधाने होते. कोणती ते तपासणीनेच कळते.

५. सोनोग्राफी साफ आली म्हणून निश्चिंत होऊ नका. नव्या लिव्हरच्या नळ्या तुंबल्या तरी सोनोग्राफीत फुगलेल्या दिसतीलच असे नाही. रक्ताचे आकडे चढत असतील तर एमआरसीपीबद्दल विचारा.

६. विडी, सिगारेट बंद. कायमची बंद. धुरामुळे धमनीत गुठळी होण्याचा धोका वाढतो आणि नळी त्याच धमनीवर जगते. रुग्णासमोर घरातल्या इतरांनीही ओढू नये. रक्त पातळ ठेवायची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर आपल्या मनाने बंद करू नका. दारू तर नावालाही नको.

७. मेडिकलमधून आणलेली तापाची, दुखण्याची किंवा अँटिबायोटिकची गोळी परस्पर देऊ नका. गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेलात तरी आधी सांगा, "लिव्हर बदललेलं आहे." टीबीची औषधे सुरू होणार असतील तर प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नका. त्यातल्या रिफाम्पिसिनमुळे लिव्हर टिकवणाऱ्या गोळ्यांचा असर फार कमी होतो.

स्टेंटची तारीख चुकवू नका

नळी आकसली तर डॉक्टर ईआरसीपी करतात. तोंडावाटे दुर्बीण आतड्यापर्यंत नेतात, आकसलेला सांधा फुग्याने रुंद करतात आणि तिथे प्लॅस्टिकची बारीक नळी ठेवतात. तिला स्टेंट म्हणतात. दुर्बीण पोचत नसेल तर कातडीतून सुई घालून लिव्हरमधली नळी गाठतात आणि पित्त बाहेरच्या पिशवीत काढतात.

प्लॅस्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांत गाळाने बंद होऊ लागतो. म्हणून तो बदलावा लागतो, आणि हे साधारण वर्षभर चालते. लोक फसतात ते इथेच. पहिला स्टेंट बसला की खाज जाते, डोळे पांढरे होतात, माणूस कामाला लागतो. मग एका दिवसाचा रोज बुडेल म्हणून तारीख पुढे ढकलली जाते. आमच्या त्या दादांनीही दुसऱ्या वेळी तारीख चुकवली आणि पुन्हा हुडहुडी भरून आले. तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा, घरातल्या दोघांना पाठ असू द्या, आणि कामाच्या ठिकाणी महिनाभर आधी सांगून ठेवा. धातूचा स्टेंट जास्त दिवस टिकतो, पण तोही काढावाच लागतो.

पोटातून बाहेर नळी आणि पिशवी असेल तर रोज ठरलेल्या वेळी पित्त मोजा, रंग पाहा, वहीत लिहा. पिशवी कमरेच्या खाली राहू द्या. नळी ओढली जाणार नाही अशी बांधा. गर्दीत, लोकलमध्ये हात धरून ठेवा. पट्टी ओली होऊ देऊ नका. पित्त एकदम थांबले, रक्त आले, नळी सरकली किंवा भोवती लालसर झाले तर लगेच हॉस्पिटल.

दात्यालाही नळी आहे

ज्या घरात लिव्हर बदलते, त्या घरात सगळ्यांचे लक्ष रुग्णाकडे असते. देणारी व्यक्ती कोपऱ्यात राहते. आपल्या देशात अवयव देणाऱ्या जिवंत दात्यांत बायकांची संख्या पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त आहे. बायको, आई, बहीण. ती आठवड्या-दोन आठवड्यांत घरी येते आणि पाण्याचा हंडा उचलते.

दात्याचे लिव्हर काही महिन्यांत बऱ्यापैकी भरून येते. पण तिचीही नळी कापून बंद केलेली असते, पित्ताशय काढलेले असते, आणि शंभरातल्या काही दात्यांना पित्तगळती होते. पोटात वाढते दुखणे, ताप, उलट्या, ड्रेनमध्ये हिरवे-पिवळे पाणी, पिवळे डोळे. यातले काहीही दिसले तर तिलाही त्याच दिवशी न्यायचे. डॉक्टर सांगतील तोवर जड उचलू द्यायचे नाही. तिच्या तपासणीच्या तारखाही त्याच कॅलेंडरवर लिहायच्या, त्याच लाल पेनाने.

आणखी एक. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने दान स्वखुशीचे असावे लागते. पैशाने विकणे-घेणे गुन्हा आहे. ऑपरेशनच्या टेबलावर जाईपर्यंत दाता नाही म्हणू शकते. जिवंत दात्याच्या जिवाला थोडा का होईना धोका असतो. उजवा भाग देणाऱ्यांत हजारी दोन ते पाच मृत्यू असे सांगितले जाते. म्हणून तिला एकटीला, सासरच्यांना बाहेर ठेवून, डॉक्टरांशी बोलू द्या. तिचा होकार तिने स्वतः दिलेला हवा.

भिंतीवर लावायची पाटी

हा तुकडा कापून घरात, थर्मामीटरजवळ लावा.

खाज, पिवळे डोळे, गडद लघवी, पांढरट शौच : त्याच दिवशी फोन.
ताप १००.४ किंवा थंडी : लगेच फोन. सोबत पिवळे डोळे असतील तर लगेच हॉस्पिटल.
रक्ताचे आकडे वाढले : बरे वाटत असले तरी फोन.
स्टेंटची तारीख : रोज बुडाला तरी चालेल, तारीख बुडता कामा नये.
दात्याची तपासणी : रुग्णाच्या तपासणीसारखीच.
कोऑर्डिनेटरचा नंबर : येथे मोठ्या अक्षरात लिहा.

त्या दादांच्या घरी आता अशी पाटी आहे. त्यांच्या आठ वर्षांच्या मुलीने लिहिली आहे. सांध्यावरचा शेवटचा स्टेंट निघाला, आकडे खाली आले, आणि मधे एकदा हाताला साधी मुंगी चावून खाज सुटली तर पोरीने आधी आमच्या गटाला फोन केला. आम्ही हसलो नाही. गेलो, हात पाहिला, वहीत लिहिले आणि चहा पिऊन आलो.